खोडदच्या डिशा आणि २००८ सालची एक रात्र: पाच दिवसांची नोंद

दिवस १, बुधवार

सांगलीहून रात्रीच्या गाडीने निघाले ते पहाटे साडेपाचला स्वारगेट. भाचा न्यायला आला होता, थंडीत कुडकुडत. तो पुण्यात एमएस्सी करतोय, फिजिक्स, आणि प्रोजेक्टसाठी त्याने जीएमआरटीचा डेटा घेतलाय. जीएमआरटी म्हणजे नारायणगावजवळ खोडदला तीस डिशांची मिळून जी मोठी रेडिओ दुर्बीण आहे ना, ती. मी एका कॉलेजात लायब्ररियन आहे, माझा आणि आकाशाचा संबंध तसा गच्चीवर झोपण्यापुरताच. पण दिवाळीत तो सहज बोलून गेला, "मावशी, मी जो डेटा वापरतोय ना तो २००८ चा आहे, मी तेव्हा बालवाडीत होतो." ते वाक्य डोक्यातून जाईना. बालवाडीतल्या पोराच्या वयाचा डेटा कुणीतरी जपून ठेवला आणि आता तोच पोरगा तो उघडतोय. हे जपून ठेवतात कसं, कोण ठेवतं, कशात ठेवतात? जपून ठेवणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे रजा टाकली आणि आले.

निघायच्या आदल्या दिवशी कॉलेजात एक काम अर्धवट ठेवून आले ते इथे लिहून ठेवते. आमची जुनी दाखल रजिस्टरं, बासष्ट आहेत, सगळी आता सॉफ्टवेअरमध्ये भरून झालीत, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, वर्ष, सगळं. त्यामुळे रजिस्टरं रद्दीत काढायची असं ठरलंय आणि त्या कागदावर माझी सही बाकी आहे.

दुपारी भाच्याने लॅपटॉपवर जीएमआरटीचं ऑनलाइन अर्काइव्ह उघडून दाखवलं. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की त्याचं नाव 'गोवा' होतं, मुलं पण तेच म्हणतात, "गोव्यात शोध की." आकाशातल्या वस्तूचं नाव टाका नाहीतर तिचा आकाशातला पत्ता टाका, म्हणजे आपल्या अक्षांश-रेखांशासारखे दोन आकडे, आणि आजूबाजूला किती शोधायचं ते सांगा, की यादी येते. कुठल्या तारखेला, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, किती वेळ, कुठल्या प्रोजेक्टसाठी तिकडे बघितलं होतं. वर्षाला दोन सायकल असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, जगभरातून प्रस्ताव येतात, एक समिती वेळ वाटून देते, आणि ज्याला वेळ मिळाला त्याचा डेटा १८ महिने त्याच्याकडेच राहतो. नंतर सगळ्यांना खुला. सांगलीतल्या पोराला पण आणि जपानमधल्या प्रोफेसरला पण. मला हे फार आवडलं, लायब्ररीत असंच असायला पाहिजे की पुस्तक आधी ज्याने मागवलं त्याला, पण कायमचं त्याच्याच कपाटात नाही.

मग त्याने त्याची फजिती सांगितली. २००८ च्या त्या रात्रीच्या दोन फायली होत्या, एक डॉट एलटीए आणि एक डॉट एलटीबी. त्याला वाटलं दुसरी बॅकअप कॉपी असेल, म्हणून एकच घेतली आणि तीन आठवडे काम केलं. तर त्या काळच्या यंत्रात फ्रिक्वेन्सीचा वरचा भाग एका फायलीत आणि खालचा भाग दुसऱ्या फायलीत जायचा! म्हणजे याने अर्धी रात्रच घेतली नव्हती. आता नवीन यंत्रणेत तसं नाहीये, त्यामुळे हे फक्त जुन्या लोकांच्या डोक्यात आणि जुन्या मॅन्युअलमध्ये उरलंय.

दिवस २, गुरुवार

विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या शेजारीच एनसीआरए आहे, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर) रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र, जीएमआरटी यांचीच. झाडी इतकी की गणेशखिंडीतल्या ट्रॅफिकचा आवाज पण येत नाही. भाच्याच्या गाइडनी ओळख करून दिली होती म्हणून डेटा सांभाळणाऱ्या एका सरांनी तासभर दिला, खरं तर दीड तास झाला, मी प्रश्न विचारत राहिले आणि ते कंटाळले नाहीत.

पहिली गोष्ट मला कळली ती ही की दुर्बीण जे ऐकते ते सगळं ठेवतच नाहीत, ठेवताच येत नाही. हिशोब त्यांनी फळ्यावर मांडला. नवीन यंत्रणेत एका वेळी ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतात, तो नीट पकडायचा तर सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात, प्रत्येक डिशमधून दोन धारा येतात आणि डिशा आहेत ३०. गुणाकार करा, सेकंदाला ४,८०० कोटी नमुने. एक नमुना एक बाइट धरला तरी सेकंदाला ४८ जीबी! माझ्या फोनमध्ये सगळं मिळून तेवढी जागा नाही. त्यामुळे तिथल्या तिथे, त्याच क्षणी, प्रत्येक दोन डिशांचे सिग्नल एकमेकांशी ताडून बघतात. ३० डिशांच्या जोड्या होतात ४३५. आणि त्या जोड्यांची उत्तरं काही सेकंदांची सरासरी काढून फायलीत लिहितात. एलटीए म्हणजे तेच, लाँग टर्म अक्युम्युलेशन, साठवत साठवत आणलेली सरासरी. मूळ लाटा गेल्या त्या गेल्या.

एवढं गाळून पण किती राहतं? भाच्याने तिकिटाच्या मागे हिशोब केला: ४३५ जोड्या आणि प्रत्येक डिश स्वतःशी अशा ३०, म्हणजे ४६५, गुणिले २,०४८ चॅनल म्हणजे फ्रिक्वेन्सीचे तुकडे, गुणिले २ धारा, गुणिले ८ बाइट, झाले सव्वापंधरा एमबी, आणि हे दर पावणेतीन सेकंदांनी. म्हणजे तासाला २० जीबी. त्याची २००८ ची अख्खी रात्र मात्र एक-दीड जीबीच्या दोन फायलींत बसते.

मी विचारलं, मग एकदा चित्र तयार झालं की हा कच्चा माल कशाला ठेवता, चित्र ठेवा की. यावर सरांनी जे सांगितलं ते ऐकण्यासाठी तरी मी पुण्याला आले असं म्हणेन. २०१० ते २०१२ मध्ये जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर जवळपास सगळं दिसणारं आकाश पिंजून काढलं, टीजीएसएस म्हणतात त्याला, दोन हजार तासांच्या वर निरीक्षणं. एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीला आपल्या डोक्यावरचं आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, फार त्रास देतं, पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं हलताना दिसतं ना, तसे तारे हलतात. त्यामुळे चित्रं काढणं फार किचकट होतं. मग पुढे ह्यूब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच कच्चा डेटा घेतला, आयनोस्फिअरची ती थरथर मोजून काढून टाकणारं सॉफ्टवेअर त्यावर चालवलं आणि २०१७ मध्ये सगळं प्रसिद्ध केलं. आकाशाचा ९० टक्के भाग, सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओ स्रोत. दुर्बीण एक मिनिट पण जास्त चालवावी लागली नाही. डेटा तोच होता, शहाणपण नंतर आलं. कच्चा माल फेकला असता तर ते शहाणपण लावायचं कशाला?

आणि ते तिथेच थांबत नाही, त्या नकाशावर आता घरी बसलेली साधी मुलं पण काम करतात. डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये रॅड ॲट होम म्हणून उपक्रम सुरू केला, त्यात कॉलेजची पोरं ही चित्रं बघून वेगळ्या दिसणाऱ्या गॅलॅक्सी शोधतात. भाचा पण त्यातूनच या विषयात आला.

ठेवायचं कशात हा पुढचा प्रश्न. पूर्वी बाहेरून आलेले शास्त्रज्ञ निरीक्षण झालं की डीएटी टेपवर डेटा भरून घेऊन जायचे, छोट्या कॅसेट. आता ती कॅसेट सापडली तरी ती वाचणारं मशीन शोधत फिरावं लागेल. म्हणून दर काही वर्षांनी सगळं उचलून नव्या माध्यमावर न्यायचं, आणि नेताना प्रत्येक फायलीचा चेकसम जुळवायचा, म्हणजे आकड्यांची एक लांबलचक खूण असते, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर ती बदलते. मी मोडी शिकले तेव्हा पेशवे दफ्तरातले रुमाल बघितले होते, कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. कागद आपला शंभर-दोनशे वर्षं रुमालात पडून राहिला तरी उघडून वाचता येतो, मोडी येणारा माणूस फक्त पाहिजे. डेटाला दर पाच-दहा वर्षांनी रुमाल बदलायला लागतो आणि शिवाय वाचणारा पण लागतोच.

वाचता यावं म्हणून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी एक चांगलं केलंय, फिट्स नावाची फाइल, १९८१ पासून चालत आलेली. तिच्या सुरुवातीला साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं की आत काय आहे, कुठल्या दुर्बिणीचं, कुठल्या तारखेचं. नियम असा की एकदा फिट्स म्हणून लिहिलेली फाइल पुढे कधीही अवैध ठरवायची नाही. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने जुनी हस्तलिखितं स्कॅन करताना हीच फाइल निवडली, हे ऐकल्यावर मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. ग्रंथालयं आकाशवाल्यांकडून शिकतायत आणि आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं!

दिवस ३, शुक्रवार

वाकडेवाडीहून सकाळची नाशिक गाडी. चाकणला अडकलो, नेहमीप्रमाणे तास गेला, मंचरला चहा, आणि दहाच्या पुढे नारायणगाव. तिथून शेअर जीपने खोडद. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, कांदा, ऊस, आणि उसामुळे बिबट्या, जीपवाल्याने आम्हाला दोनदा बजावलं की अंधार पडायच्या आत परत फिरा.

आणि मग वळणावर एकदम डिश. मी फोटो बघितले होते पण ४५ मीटर म्हणजे काय हे फोटोत कळत नाही. आमच्या कॉलेजच्या तीन मजली बिल्डिंगवर झाकण म्हणून ठेवली तर बाहेर लोंबेल. पण बघताना जड वाटत नाही कारण ती भरीव नाहीच, बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी, दोरांवर ताणून बसवलेली, आरपार आभाळ दिसतं. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. जाळी असल्यामुळे वारा आरपार जातो, लोखंड कमी लागतं, खर्च कमी येतो, आणि रेडिओ लहरी एवढ्या लांब की त्यांना जाळी भिंतीसारखीच लागते. स्वरूप सर २०२० च्या सप्टेंबरमध्ये गेले. २००२ मध्ये ही दुर्बीण जगातल्या सगळ्यांसाठी खुली झाली, म्हणजे ती बांधून झाल्यावर बाहेरच्यांना दार उघडं ठेवायचं हे पण इथल्या लोकांनी केलं, आणि मला ते बांधण्याइतकंच मोठं वाटतं.

फोन गेटवरच बंद. फ्लाइट मोड नाही, बंद. इथे जे ऐकायचंय ते इतकं क्षीण असतं की माझा फोन म्हणजे भजन चालू असताना कानाशी फटाका. १४ डिशा मध्यभागी किलोमीटरभराच्या चौकात आणि बाकीच्या १६ तीन दिशांना वाय आकारात पसरलेल्या, टोकाच्या दोन डिशांमध्ये २५ किलोमीटरचं अंतर. नावं पण साधी आहेत, मधल्यांना सी, बाकी ई, डब्ल्यू, एस आणि पुढे नंबर. भाच्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवली आणि म्हणाला, "सी ०७ नाहीये मावशी, ई ०१ पण नाही आणि एस ०५ पण नाही." नवखा माणूस यादी बघून म्हणेल की तीन डिशांचा डेटा हरवला. नाही हरवला, त्या नावाच्या डिशाच नाहीत. हे कुठेतरी लिहून ठेवलेलं असणं किती महत्त्वाचं!

कंट्रोल रूम काचेतून बघायला मिळाली आणि शिफ्ट संपवून बाहेर आलेल्या एका ऑपरेटर ताईंशी बोलता आलं. मी त्यांना विचारलं, रात्रभर काय करता. त्या म्हणाल्या, "लिहितो." म्हणजे डिशा वळवणं, तपासणं हे आहेच, पण रात्रभर लॉग लिहायचा. किती वाजता कुठला स्रोत सुरू केला, कुठल्या डिशची मोटर अडकली, कुठल्या डिशचा सिग्नल अमुक वाजता गेला आणि अमुक वाजता परत आला, वारा वाढला म्हणून डिशा तोंड वर करून पार्क केल्या, किती वाजता परत सोडल्या. सुरुवातीला एखादा ओळखीचा स्रोत बघायचा, ३सी ४८ किंवा ३सी १४७ किंवा ३सी २८६, यांची तेजस्विता माहीत असते म्हणून यांच्यावरून तराजू जुळवायचा, आणि मग मधेमधे अर्ध्या-पाऊण तासाने जवळच्या दुसऱ्या एका खुणेकडे वळून परत यायचं. हे सगळं वेळेसकट लिहिलेलं.

मी विचारलं की हे कोण वाचतं. ताई हसल्या, म्हणाल्या, "आत्ता कोणी नाही वाचत मॅडम. दहा वर्षांनी एखादा विद्यार्थी मेल करतो की अमुक तारखेला एक तास विचित्र का दिसतोय. तेव्हा वाचतात."

त्याच ताईंनी मंगळाची गोष्ट सांगितली, त्यांनी ऐकलेली. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा अगदी बारीक सिग्नल इथे खोडदला ऐकला जात होता. उतरायच्या थोडं आधी तो बंद पडला. यान आदळलं होतं. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटपासून दहा-पंधरा किलोमीटरवर बसून लोकांनी मंगळावरचा तो शेवटचा आवाज ऐकला आणि रेकॉर्ड करून ठेवला. मला परतीच्या जीपमध्ये दुसरं काही सुचत नव्हतं.

दिवस ४, शनिवार

नारायणगावला मुक्काम होता त्यामुळे सकाळी शिवनेरी. पाय भरून आले पण शिवाई देवीपर्यंत गेले, जन्मस्थानाला हात जोडले. दुपारी मासवडी आणि बाजरीची भाकरी, रस्सा इतका तिखट की भाचा पाणी पितच राहिला.

खानावळीच्या मालकांनी विचारलं की दुर्बीण बघायला आलात का, आणि मग स्वतःच सांगत बसले की २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला जत्रा असते, आसपासच्या शाळांची पोरं स्वतः केलेले प्रयोग मांडतात, त्यांच्या मुलीने तिथे एकदा ठिबक सिंचनाचं मॉडेल ठेवलं होतं. त्यांना विचारलं की डिशा काय करतात माहितीये का. म्हणाले, "आकाशाचं ऐकतात आणि लिहून ठेवतात." कुणी शिकवलं माहीत नाही पण अगदी नेमकं सांगितलं.

संध्याकाळी पुणे. गाडीत भाचा एसकेएबद्दल बोलत होता, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात जी प्रचंड दुर्बीण बांधतायत ती, भारत त्यात आहे, सरकारने १,२५० कोटी मंजूर केलेत. तिथून वर्षाला ७०० पेटाबाइट डेटा जपायचा आहे. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी. मला आकड्याची भीती नाही वाटली, मला वाटलं तिथे रात्री लिहिणारी ताई कोण असेल.

दिवस ५, रविवार

भाच्याच्या खोलीवर. चटईवर लॅपटॉप, एक्स्टर्नल डिस्क, बाजूला कांदेपोहे. आता दोन्ही फायली होत्या, एलटीए आणि एलटीबी. आधी लिस्टस्कॅन नावाचा प्रोग्राम चालवला, तो त्या रात्रीची यादी काढून देतो, कधी कुठे बघितलं. मग जीव्हीफिट्स, तो त्यातून फिट्स फाइल बनवतो, आणि आपण नाव नाही दिलं तर तिचं नाव आपोआप 'टेस्ट डॉट फिट्स' असं पडतं. याच्या डिस्कवर अशा सात टेस्ट डॉट फिट्स होत्या, सात फोल्डरमध्ये. मी काही बोलले नाही पण त्याने माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप सगळ्यांची नावं बदलायला घेतली: प्रोजेक्ट नंबर, तारीख, फ्रिक्वेन्सी, स्रोत. अर्धा तास गेला त्यात.

मग अडचण आली. रात्री दोन ते तीनच्या मध्ये दोन डिशांचे आकडे भलतेच होते, बाकी २८ ठीक. तो म्हणाला काढून टाकतो दोन्ही डिशा पूर्ण. मी म्हटलं, अरे आधी लॉग बघ ना. त्या रात्रीचा लॉग त्याला गाइडकडून मिळाला होता पण त्याने उघडलाच नव्हता. उघडला. त्यात २ वाजून ५ मिनिटांनी त्याच दोन डिशांची नावं, आणि पुढे २ वाजून ५० ला 'ठीक' अशी नोंद. बस. पाऊण तास काढला, बाकीची रात्र दोन्ही डिशांसकट शाबूत राहिली. बालवाडीतला हा पोरगा तेव्हा गाढ झोपलेला असेल आणि खोडदला कुणीतरी जागं राहून त्याच्यासाठी दोन ओळी लिहीत होतं.

संध्याकाळी चित्र आलं. गॅलॅक्सींच्या एका समूहाचं, करड्या रंगाचं, मध्ये ठिपके आणि एका बाजूला पुसटसा चट्टा. तो चट्टाच पाहिजे होता म्हणे. मग त्याने फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल केली आणि काय काढलं, किती वाजताचं काढलं, का काढलं, सगळं लिहिलं. मी न सांगता.

रात्रीच्या गाडीत खिडकीपाशी बसले आणि तेव्हा कुठे आमच्या रजिस्टरांचं आठवलं. प्रत्येक पानाच्या उजव्या टोकाला शेऱ्याचा कॉलम आहे. 'अमुक यांच्याकडून देणगी', 'पुरात भिजले, बांधणी नवीन', 'पान १४ ते २० नाहीत', 'बदली प्रत आली'. सॉफ्टवेअरमध्ये तो कॉलम घेतलाच नाही, कारण त्यात काय भरायचं हे आम्हालाच ठरवता येईना. पुराचं कोणतं वर्ष, कोणती पुस्तकं भिजली, हे फक्त तिथे आहे.

गाडी कात्रजला असताना आमच्या लायब्ररीतल्या शिपाई मामांना फोन लावला. साडेदहा झाले होते, झोपेतून उठवलं त्यांना. म्हटलं, "मामा, ती बासष्ट रजिस्टरं रद्दीत द्यायची नाहीत."

मामा म्हणाले, "बरं झालं बाई बोललात, रद्दीवाला उद्या सकाळी आठला येतोय. मी साडेसातला जाऊन कपाटाला कुलूप लावतो."